घरातला खर्ज

आमच्या इमारतीत वाटी रिकामी परत करायची नाही, असा एक अलिखित नियम आहे. मी खाली आमटी पाठवली, की खालच्या काकू वाटीत काही ना काही घालूनच ती वर पाठवतात. कधी लोणच्याची फोड, कधी चार बोरं, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर. बावीस वर्षं हे असं चाललंय. आणि गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी वाटी आली ती घासूनपुसून, लख्ख... आणि रिकामी!

काकूंची कामवाली वाटी हातात देऊन निघूनही गेली. मी ओट्याशी उभी राहून वाटीच्या तळाकडे बघत राहिले. काहीतरी बिनसलं होतं खास.

कारण हॉलच्या कोपऱ्यात बसलं होतं. काळंकुळकुळीत, चौकोनी, दोन माणसांनी उचलावं लागेल असं. सबवूफर!

त्याचं असं झालं, की आमचे हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. ह्यांना सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. १९७५ साली, दहा वर्षांचे असताना मिनर्व्हाला 'शोले' बघितलेला, ७० एमएमचा, तो अजून कानात आहे म्हणतात. 'रिटायर झालो की घरात होम थिएटर आणणार' हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय. फंडाचे पैसे आले आणि एका रविवारी बापलेक दोघं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. मला एकच प्रश्न विचारला गेला होता, 'हॉलमधला कुठला कोपरा रिकामा करता येईल?' रिकामा कुठला असायला! एका कोपऱ्यात माझी शिवणाची मशीन होती, खिडकीच्या उजेडात. ती बेडरूममध्ये गेली आणि तिच्या जागी हा ठोकळा आला.

'दुकानदार काय म्हणाला माहितीये?' हे कौतुकानं सांगत होते. 'सबवूफर म्हणजे घरातल्या बाईसारखा. दिसत नाही, पण सगळं तोलून धरतो!'

मी तेव्हा काही बोलले नाही. वाटी रिकामी आल्यावर मात्र म्हटलं, 'बाईसारखा असता ना, तर आधी खालच्यांना त्रास होतोय का, ते विचारलं असतं त्यानं.'

त्रास होत होता का? मी ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. दुसऱ्या दिवशी रात्री ह्यांना म्हटलं, 'तुम्ही लावा तुमचा सिनेमा. मी जरा खाली जाऊन येते.' काकूंनी दार उघडलं. 'ये' म्हणाल्या. एरवीचा 'ये गं' नाही. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, नात जेमतेम वीस दिवसांची. झबलं-टोपडं घेऊन मी बारशाआधी बघूनही आले होते तिला. बाळ-बाळंतिणीची खोली नेमकी आमच्या हॉलच्या त्या कोपऱ्याखाली, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

मी पलंगाच्या कडेला बसले. आधी शांतता. मग वरून सुरू झालं. घूं... घूं... धुम्म... पुन्हा घूं... संवाद नाही, गाणं नाही, बंदुकीचा आवाजसुद्धा नाही. नुसती घरघर. कपाटाच्या दाराची काच बारीक किणकिणत होती. मी भिंतीला हात लावला, तर भिंत थरथरत होती. बाळ दचकलं, दोन्ही मुठी हवेत फेकल्या आणि रडायला लागलं. त्या पोरीनं न बोलता त्याला छातीशी घेतलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या.

काकू एवढंच म्हणाल्या, 'वर तुमचा सिनेमा असतो गं. आमच्याकडं नुसतं हे येतं.'

मी वर आले आणि टीव्ही बंद केला. मग जे व्हायचं ते झालं. ह्यांनी मोबाइलमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप काढलं, खाली जाऊन मोजून आले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, 'बघ, चाळीस डेसिबलसुद्धा नाही! कायद्यानं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ चालतं.' आकडे बरोबर होते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तसंच सांगतात, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. पण मी त्या भिंतीला हात लावून आले होते. आकडा बरोबर आणि बाळही खरंच दचकलेलं, हे दोन्ही एकाच वेळी कसं?

हे कोडं सोडवलं माझ्या भाचीनं. ती सिनेमाच्या ध्वनीचं काम करते. फोनवर म्हणाली, 'मावशी, काकांचं अ‍ॅप खोटं बोलत नाहीये, पण ते माणसाच्या कानासारखं मोजतं. आपला कान खालच्या आवाजांना मंद असतो, म्हणून ते माप खालचे आवाज कमी धरतं. सेकंदाला ५० कंपनांचा आवाज असेल तर तब्बल ३० डेसिबलनं कमी! रस्त्यावरच्या कलकलाटासाठी ते माप ठीक आहे. भिंतीतून येणारी घरघर त्यात दिसतच नाही. रविवारी येते मी. टेप तयार ठेव.'

मला वाटलं गाण्याची टेप. तिला हवी होती शिंप्याची. हॉल मोजायला!

तिनं जे सांगितलं, ते आपल्या भाषेत सांगते. आवाज म्हणजे हवेतली लाट. सेकंदाला किती वेळा हवा हलली, ते हर्ट्झमध्ये मोजतात. आपल्याला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. 'स' किंवा 'श' म्हणताना जी सळसळ होते ती ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि वरही. तिची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. भिंत, पडदा, उशी, कशानंही अडते. सबवूफरचा ४० हर्ट्झचा आवाज घ्या. त्याची लाट २८ फुटांची! आपल्या हॉलपेक्षा मोठी. पडदे लावा, सतरंजी घाला, तिला पत्ताच लागत नाही. ती मुरवायला कित्येक फूट जाडीचं साहित्य लागेल. ती सरळ स्लॅबला हलवते आणि स्लॅब खालच्या घरातली हवा हलवतो. सिनेमातला बाकी सगळा आवाज आपल्या घरात राहतो आणि खाली जातो तो नुसता खर्ज.

'हे काही नवीन नाही मावशी,' ती म्हणाली. १९७४ साली 'अर्थक्वेक' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला होता. भूकंप प्रेक्षकांच्या अंगाला जाणवावा म्हणून 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा काही थिएटरांत बसवली, म्हणजे खर्जाचे भलेमोठे स्पीकर. तर एकाच इमारतीत दुसऱ्या पडद्यावर शांत सिनेमा बघणारे लोक वैतागले, भूकंप त्यांच्याही खुर्चीखाली व्हायला लागला म्हणून! पुढं १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं, आणि 'फाइव्ह पॉइंट वन' हा शब्द घरोघरी गेला. त्यातले पाच म्हणजे पाच पूर्ण स्पीकर, आणि तो 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या, १२० हर्ट्झपर्यंतच्या आवाजाची वेगळी वाट. स्फोट, ढगांचा गडगडाट, डायनासोरचं पाऊल, सगळं तिथून येतं. आपल्याकडं मिरवणुकीतल्या छाती हादरवणाऱ्या भिंतींनाच लोक 'डॉल्बी' म्हणतात. बिचारी कंपनी! ती भिंत बनवतसुद्धा नाही.

आता खोली. प्रत्येक खोलीला तिचा स्वतःचा सूर असतो. विश्वास बसत नसेल, तर न्हाणीघरात गुणगुणून बघा. एखादा सूर असा घुमतो, की आपण लता मंगेशकर! न्हाणीघर लहान म्हणून तो सूर वरचा. आमचा हॉल १६ बाय ११ फुटांचा. त्याच्या लांबीचा सूर ३५ हर्ट्झच्या आसपास आणि रुंदीचा ५१ च्या. म्हणजे नेमके सबवूफरच्या पट्ट्यातले! हे सूर भिंतीपाशी फुगतात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतात. कोपऱ्यात तर दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज फुकट वाढवतात आणि खोलीचे सगळेच सूर जागे करतात. दुकानदार 'कोपऱ्यात ठेवा, दणका मिळेल' सांगतात ते काही खोटं नाही. पण तो दणका एकसुरी असतो. ढोल असो, ढग असो, ट्रक असो, सगळं सारखंच 'धुम्म'.

'मग ठेवायचा कुठं?' मी विचारलं.

'ते आता तू रांगून सांगणार आहेस.'

मैत्रिणींनो, हसू नका, पण ही खरोखरीची पद्धत आहे. आपण जिथं बसून सिनेमा बघतो, त्या जागी सबवूफर ठेवायचा. म्हणजे चक्क सोफ्यावर! मग खर्ज असलेलं काहीतरी सारखं लावून ठेवायचं आणि आपण जमिनीलगत कान नेत जिथं जिथं सबवूफर ठेवता येईल त्या जागा फिरायच्या. जिथं खर्ज स्वच्छ आणि सगळ्या सुरांत सारखा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. आवाजाची वाट दोन्ही बाजूंनी सारखीच असते, हे त्यामागचं तत्त्व.

ह्यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून रांगायचं माझ्याकडं आलं. भाचीनं आधी खालपासून वरपर्यंतचे सूर एकेक करून लावले, मग तबल्याची एक रेकॉर्ड. मी चोपन्नाव्या वर्षी पदर खोचून हॉलभर रांगतेय, डोकं जमिनीला लावतेय, सोफ्यावर सबवूफर पाहुण्यासारखा बसलाय, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या कामवाल्या मावशी आल्या. दारातच थबकल्या. 'ताई, कानातलं हरवलं का? थांबा, मी बघते,' म्हणत त्याही खाली बसल्या! त्यांना समजावलं तर म्हणाल्या, 'त्या कोपऱ्यात तर नुसतं गुरगुरतंय. इथं बघा, डग्गा बोलतोय.' आणि काय सांगू, त्यांनी दाखवलेली जागाच बरोबर निघाली! टीव्हीच्या डावीकडं, बाल्कनीच्या दाराअलीकडं, जिथं माझी मनीप्लँटची कुंडी होती तिथं. आणखी एक फायदा म्हणजे ती जागा काकूंच्या त्या खोलीपासून सगळ्यात लांब.

सोफाही भिंतीपासून सव्वा फूट पुढं ओढला. भिंतीला डोकं टेकून बसलं की खर्ज उगाच फुगून ऐकू येतो म्हणून.

पण जागा बदलून निम्मंच काम झालं होतं. मुळात तो बारा इंची प्रकार आमच्या हॉलला आणि आमच्या स्लॅबला जड होता. बदलून घ्यायची मुदत चार दिवसांत संपत होती. ह्यांना संकोच वाटत होता, म्हणून मी भाचीला घेऊन गेले. दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, 'साहेब नाही आले?' मी म्हटलं, 'साहेब ऐकतात. बघायचं काम माझ्याकडं आहे.'

तिथं मी जे शिकले, ते कुणालाही उपयोगी पडेल म्हणून नीट लिहिते.

पहिलं, वॅटच्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' लिहिलेलं असतं, तो आकडा शोभेचा. विचारायचं ते 'आरएमएस किती?' सतत झेपणारी ताकद तीच. एक साधा हिशोब भाचीनं सांगितला. ४० हर्ट्झचा आवाज जितक्या जोरानं येतो, तितक्याच जोरानं २० हर्ट्झचा आणायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढंमागं हलावं लागतं. इवल्याशा हलक्या डब्याला ते कुठून जमणार! म्हणून 'किती खालपर्यंत जातो' हे विचारायचं, आणि त्यापुढं 'अधिक-उणे तीन डेसिबल' असं लिहिलंय का ते बघायचं. नसलं तर त्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरं, पेटी. एक बंद पेटी आणि एक भोकाची. भोकाच्या पेटीतून तेवढ्याच ताकदीत जास्त दणका निघतो, पण ती मोठी असते आणि एका मर्यादेखाली तिचा आवाज झपाट्यानं पडतो. बंद पेटी लहान, दणका कमी, पण आवाज हळूहळू उतरतो आणि ठोका संपला की संपतो, रेंगाळत नाही. आमच्यासारख्या पावणेदोनशे चौरस फुटांच्या हॉलला आणि खाली लोक राहत असताना, बंद पेटीतला दहा इंची पुष्कळ झाला. नारळासारखी पेटी वाजवूनही बघावी. ठोकल्यावर पोकळ वाजली, तर सिनेमातही ती स्वतःच वाजणार.

तिसरं, 'खाली तोंडाचा घेऊ की समोर तोंडाचा?' या वादात वेळ घालवू नका. एवढा खालचा आवाज तोंड कुठंही असलं तरी सगळीकडं सारखाच पसरतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानालाही धड कळत नाही, म्हणून तर सबवूफर टीव्हीपासून बाजूला ठेवला तरी चालतो.

चौथं, 'वायरलेस' म्हणजे फक्त आवाजाची तार नाही. विजेचा प्लग लागतोच! हल्ली साउंडबारबरोबर येणारे सबवूफर बहुतेक असेच. आधी सॉकेट कुठं आहे ते बघा, मगच जागा ठरवा.

आणि पाचवं, दुकानात जे ऐकतो ते दुकानाच्या खोलीचं गाणं. घरी आणून आठ दिवस ऐकून बदलता येईल का, ते बिलावर लिहून घ्या. आमच्या बिलावर ते होतं म्हणून निभावलं. वापरलेला म्हणून थोडे पैसे कापले त्यांनी, पण बदलून दिला.

नवा आला आणि लावताक्षणी 'घुंsss' अशी बारीक गुणगुण सुरू. सिनेमा बंद असतानासुद्धा! इलेक्ट्रिशियन म्हणाला, 'ताई, प्लगची वरची जाडी पिन काढून टाकतो, लगेच थांबेल.' तिथंच त्याला थांबवलं. ती अर्थिंगची पिन, ती जिवासाठी असते. भाचीनं फोनवरून सांगितलं, 'सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलची तार काढून बघ.' तार काढली, गुणगुण बंद! बाहेरून येणाऱ्या त्या तारेतून दुसरी अर्थिंग घरात शिरत होती आणि दोन्हींच्या भांडणात ५० हर्ट्झची गुणगुण होत होती. तारेत बसवायचा एक छोटा आयसोलेटर मिळतो, तो लावल्यावर काम झालं.

मग मांडणी. सबवूफरखाली जाड रबरी गादी घातली. त्यानं पेटीची थरथर जमिनीत उतरायची थांबते. पण हवेतून स्लॅबला बसणारा धक्का गादीनं थांबत नाही, हेही सांगते. 'गादी घाला, खालच्यांना काही कळणार नाही' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. रिसिव्हरमध्ये बाकीचे स्पीकर 'स्मॉल' असे नोंदवले आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडं सोपवलं. ही वाटणी रिसिव्हर करत असेल, तर सबवूफरच्या पाठीवरचं तेच बटण पूर्ण उघडं ठेवायचं, नाहीतर एकाच पिठाला दोनदा चाळणी होते. फेजचं बटण शून्यावर आणि १८० वर करून बघितलं. सोफ्यावर जिथं आवाज भरीव वाटला तिथं ठेवलं. रिसिव्हरबरोबर छोटा मायक्रोफोन येतो, तो बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवून स्वयंचलित मापन केलं. हातात धरायचा नाही, आणि पंखा, फ्रिज, कुकर सगळं बंद. शेवटी सबवूफरचा आवाज हळूहळू उतरवत नेला. कुठवर? सबवूफर बंद केला तर काहीतरी गेलं असं वाटावं, पण चालू असताना तो कुठून बोलतोय हे कळू नये, इथवर.

एवढं सगळं झालं. तरी दोन-तीन दिवसांनी बघते, तर हे पुन्हा रिमोट घेऊन आवाज वाढवतायत.

'अहो, आता कशाला?'

'बोलतात काय तेच कळत नाही गं. पुटपुटतात नुसते.'

मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. भाचीला फोन केला. ती जरा थांबून म्हणाली, 'मावशी, काका एरवी काही चुकीचं ऐकतात का?'

मी आठवायला लागले. परवा 'शेव आणा' म्हटलं तर 'काय ठेव?' म्हणाले होते. फोनवर नातेवाइकांशी बोलताना हल्ली फोन माझ्याकडं देतात. दारावरची बेल ऐकू येते, कुकरच्या शिट्ट्या मात्र मोजता येत नाहीत. आम्ही हसण्यावारी नेलं होतं सगळं.

कानाची तपासणी केली. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. डावीकडं खालचे आवाज, उजवीकडं वरचे. ह्यांची रेघ डावीकडं छान सरळ होती, आणि उजवीकडं घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेलेली. वयानुसार कान जातो तो आधी वरच्या आवाजांकडून, असं त्यांनी सांगितलं. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त, थ अशी व्यंजनं निसटतात. बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. आणि त्यात खर्ज मोठा असला, तर तो उरलेल्या शब्दांनाही झाकून टाकतो.

म्हणजे हे शब्द ऐकायला आवाज वाढवत होते. शब्द काही सापडत नव्हते. वाढत होता तो खर्ज. तो शब्दांवर बसत होता, म्हणून हे आणखी वाढवत होते. आणि त्या सगळ्याची घरघर खाली त्या वीस दिवसांच्या पोरीच्या कानात जात होती.

रिक्षात हे काही बोलले नाहीत. तीनहात नाक्याला सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, 'म्हणजे माझ्या कानापायी त्या लेकराची झोप गेली.'

मी म्हटलं, 'तुमच्या कानाला काय झालंय ते कुणाला माहीत होतं? मी तरी कुठं विचारलं?' खरंच होतं ते. मला राग होता तो ठोकळ्याचा, माझ्या मशीनच्या कोपऱ्याचा. ह्यांना काय ऐकू येत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

श्रवणयंत्र घ्यायला ह्यांनी तीन महिने घेतले. 'म्हातारा दिसेन' हे चालूच होतं. शेवटी मी म्हटलं, एवढे पैसे घालून शब्दांशिवाय सिनेमा बघायचा का? तेव्हा तयार झाले. तोवर भाचीनं एक सोपी गोष्ट करून दिली होती. संवाद ज्यातून येतात तो मधला स्पीकर तीन डेसिबलनं वाढवला आणि सबवूफर तेवढाच उतरवला. एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी, पण शब्द जास्त! रात्री दहानंतर रिसिव्हरचा 'नाइट मोड' लावतो. त्यात मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. बाळ खाली होतं तोवर तर रात्री सबवूफरचा प्लगच काढून ठेवायचो.

हे सगळं झाल्यावर एका रात्री मी पुन्हा खाली गेले आणि त्याच पलंगाच्या कडेला बसले. वर सिनेमा चालू होता, डायनासोरचाच. काकू, त्यांची लेक आणि मी, तिघी कान देऊन बसलो होतो. अगदीच काही आलं नाही असं म्हणणार नाही. एकदा कुठंतरी लांब ट्रक गेल्यासारखं वाटलं. बाळ झोपलेलंच राहिलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, 'चहा टाकते गं.'

त्या 'गं'साठी मी हॉलभर रांगले होते!

म्हणून सांगते, सबवूफर जरूर आणा. नीट निवडला, नीट ठेवला, तर घरातल्या सिनेमाला खरंच अंग येतं. तबल्यातला डग्गा किती बोलतो, हे मला आत्ता कळतंय. पण खरेदीला निघालात की हॉल मोजणारीनंही बरोबर जा, कारण त्या हॉलमध्ये कुठं काय आहे हे आपल्याइतकं कुणाला माहीत असतं? आणि लावून झाला की एकदा खालच्या घरात जाऊन बसा. आपल्या घराचा आवाज दुसऱ्याच्या घरातून कसा ऐकू येतो, ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

माझी मशीन आता परत तिच्या कोपऱ्यात, उजेडात आली आहे. त्यावर पहिलं शिवलं ते काकूंच्या नातीचं झबलं. ती आता मायलेकी सासरी गेल्यात, सुट्टीला येतात. मागच्या खेपेला पोरगी वर आली, रांगत रांगत थेट सबवूफरपाशी गेली आणि जाळीला तळहात लावून बसली. ह्यांनी अगदी हळू तबला लावला. हाताला गुदगुल्या झाल्या असाव्यात, खुदकन हसली.

वाट्यांचं येणंजाणं सुरू आहे. परवाच्या वाटीत लिंबाचं गोड लोणचं होतं.